तापलेल्या सेल्फचा तपास

मोटारीच्या विद्युत्-यंत्रणेत जे दोष उद्भवतात, त्यांपैकी बहुतेक दोष तपासणाऱ्यासमोर निमूटपणे हजर राहतात. तुटलेली तार तुटलेलीच राहते, उडालेला फ्यूज उडालेलाच सापडतो, आणि सामान्य कुवतीच्या कारागिरालाही टेस्ट लॅम्प हाती घेऊन त्यांचा छडा लावता येतो. परंतु पहाटे थंड असता किल्ली फिरवताच चालू होणारी गाडी, शंभर-दीडशे किलोमीटर धावून आल्यावर पंधरा-वीस मिनिटे उभी केली की पुन्हा चालू होताना कण्हू लागते, सेल्फ एखादा अर्धा फेरा ओढून अडतो किंवा नुसताच ‘टक’ असा आवाज देऊन थांबतो, आणि दोन तासांनी तीच गाडी काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते, तेव्हा त्या दोषाचा शोध हा हत्यारांपेक्षा विचाराच्या शिस्तीचा विषय होतो. ती शिस्त कोणती, हे सांगावे एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मोटारींच्या विद्युत्कामाचा माझा व्यवसाय महाडला आहे, आणि या दोषाच्या अभ्यासाला याहून सोयीचे गाव क्वचितच सापडेल. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर हे गाव वसलेले. येथून भोरकडे जावे तर वरंधा घाट, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढावे तर आंबेनळी, आणि खेडच्या बाजूस उतरावे तर कशेडी. वैशाखातील उकाड्यात हे घाट चढणारी गाडी जेवढी तापते तेवढी सपाटीवर क्वचितच तापत असेल. आणि पुढे चार महिने जो पाऊस कोसळतो, तो तांब्याच्या प्रत्येक जोडावर हिरवी आणि बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी चढवून जातो. उष्णता आणि गंज हे या दोषाचे दोन कर्ते; आणि दोघांचाही अंमल आमच्या मुलखात वर्षभर आळीपाळीने चालू असतो.

वास्तविक पाहता तापलेले इंजिन फिरवणे थंड इंजिनापेक्षा सोपे असले पाहिजे. थंड असता दाट असलेले ऑइल तापल्यावर पातळ होते, आणि बॅटरीतील रासायनिक क्रियाही उष्णतेने मंद न होता तेज होते. म्हणजे ओझे हलके झाले, आणि शक्ती पुरवणारा अधिक समर्थ झाला. तरीही सेल्फ अडतो, त्या अर्थी या दोहोंच्या मधल्या मार्गावर कोठेतरी उष्णतेने मोठा घाला घातलेला असला पाहिजे. हा साधा तर्क ध्यानात ठेवला, तर ‘बॅटरी उतरली असेल’ म्हणून पहिल्याच झटक्यात नवी बॅटरी विकत घेण्याची घाई टळते.

उष्णतेपुढे सेल्फ एवढा दुबळा का, याचे उत्तर त्याच्या जन्मकथेतच आहे. हँडल मारून मोटार चालू करण्याचे कष्टाचे आणि धोक्याचे काम ज्याने संपवले, त्या चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने दुकानांतील गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवण्याचे काम पूर्वी केलेले होते, आणि तेथेच त्याच्या ध्यानात आले होते की, क्षणभरच काम करावयाचे असेल तर लहानशा विद्युत्-मोटरीकडूनही तिच्या कुवतीबाहेरचा भार उचलून घेता येतो. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत त्याचा सेल्फ बसला, आणि ते तत्त्व आजतागायत कायम आहे. लहान पेट्रोल मोटारीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० ते १५० अँपिअर प्रवाह घेतो, आणि जीपसारख्या डिझेल गाडीचा त्याच्या दुपटीच्या घरात जातो. एवढा प्रवाह तो सोसतो तो केवळ काही सेकंदांच्या बोलीवर. उष्णता पचवण्यासाठी राखून ठेवलेली कुवत त्याच्यापाशी फारशी नसतेच. आणि असे हे यंत्र बसवले जाते कोठे, तर पुष्कळ गाड्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी शेजारी.

गाडी धावत असते तोवर वारा आणि रेडिएटरचे पाणी मिळून इंजिनाची उष्णता वाहून नेत असतात. इंजिन बंद केले की दोन्ही थांबतात, आणि तापलेल्या लोखंडात साठलेली उष्णता बॉनेटखाली कोंडून आजूबाजूच्या भागांत शिरते. म्हणून सेल्फ सर्वांत जास्त तापतो तो गाडी धावताना नव्हे, तर ती थांबल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, म्हणजे नेमका चहा संपवून मंडळी गाडीत बसतात त्या वेळी. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांवरची गुंडाळी १०० अंशांवर गेली की तिचा रोध जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढलेला असतो. ज्या नव्या सेल्फमध्ये फील्ड कॉइलऐवजी फेराइटचे कायम चुंबक असतात, त्यांत त्या चुंबकांचे बळही दर अंशाला सुमारे ०.२ टक्क्याने घटते. निरोगी सेल्फ ही तूट सोसूनही इंजिन फिरवतो, कारण बनवणाऱ्याने तेवढी जागा राखलेली असते. परंतु दुसऱ्या एखाद्या दोषाने ती शिल्लक आधीच खाऊन टाकली असेल, तर थंडपणी निभावून जाते आणि गरमपणी उघडे पडते. उष्णता हे बहुधा मूळ कारण नसते. लपलेल्या कारणाला चव्हाट्यावर आणणारी ती परिस्थिती असते.

यावरून तपासाचा पहिला नियम निघतो: दोष ज्या अवस्थेत प्रकट होतो त्याच अवस्थेत त्याचे मोजमाप घेतले पाहिजे. गाडी थंड असताना मी तिची बॅटरी पाहतो (विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाब, आणि ॲसिडची घनता १.२५ च्या जवळ असावी), सेल्फ मारताना पडणारे आकडे टिपून ठेवतो, आणि मग मालकाला शेजारी बसवून गाडी घाटात नेतो. परत आल्यावर इंजिन बंद करून, बॉनेट मुद्दाम न उघडता, वीस मिनिटे थांबतो. आणि मग इंजिन पेटू नये अशी तजवीज करून तीच मोजमापे पुन्हा घेतो.

मोजावयाच्या बाबी मुख्यतः दोनच: प्रवाह आणि दाब. तापलेला सेल्फ हळू फिरत असून प्रवाह नेहमीपेक्षा कमी असेल, तर वीज त्याच्यापर्यंत पुरेशी पोचत नाही किंवा त्याच्या आत नीट शिरत नाही, म्हणजेच टर्मिनल, केबल, अर्थ, सोलेनॉइडचे संपर्क किंवा झिजलेले कार्बन यांपैकी कोणीतरी कसूरदार आहे. प्रवाह नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त असेल, तर वीज पोचते आहे पण वाया जाते आहे. अशा वेळी आर्मेचर घासते आहे, गुंडाळीचे वेढे आतल्या आत भिडले आहेत किंवा इंजिनच जड झाले आहे. या एका तफावतीने अर्धे संशयित जागच्या जागी मोकळे होतात.

प्रवासी वाहतुकीची एक डिझेल जीप माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात नवी बॅटरी बसलेली होती आणि सेल्फही बदललेला होता. तक्रार मात्र जशीच्या तशी. “दादा, बॅटरी नवी, सेल्फ नवा, आता काय इंजिन बदलू?” हा चालकाचा प्रश्न रास्त होता, कारण हे दोन्ही खर्च त्याने हप्त्यांवर केलेले होते. जीप तापवून सेल्फ मारला. जेथे २८० अँपिअरची अपेक्षा तेथे प्रवाह १९० च. बॅटरीच्या टर्मिनलवर १०.६ व्होल्ट, पण सेल्फच्या टर्मिनलपासून त्याच्या अंगापर्यंत अवघे ८.१. मधले अडीच व्होल्ट कोठे गेले याचा हिशेब लावण्यासाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरी सेल्फच्या टर्मिनलवर ठेवली, तेव्हा तेथे ०.४ व्होल्ट निघाले. तीच मोजणी बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि सेल्फचे अंग यांच्यामध्ये केली, तेव्हा उरलेले २.१ व्होल्ट सापडले. त्या बाजूला ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट मी मान्य करीत नाही. इंजिन आणि चासी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीचा बोल्ट सेल्फ मारल्यानंतर हाताला चटका देत होता. तो सोडवला तेव्हा पट्टीच्या टोकाखाली हिरवी भुकटी आणि तिच्याखाली चासीवरचा रंग निघाला. तांब्याचा लोखंडाशी संबंध जेमतेम बोल्टच्या आट्यांपुरता उरलेला होता. जागा घासून उजळली, नवी पट्टी आवळली, वरून ग्रीस लावले, आणि ती घट ०.२ व्होल्टवर आली. असल्या जोडाला टेस्ट लॅम्पची परीक्षा लावणे व्यर्थ आहे, आणि त्याचे कारण ओहमने १८२७ साली सांगून ठेवलेल्या नियमात आहे: ओहमच्या शंभराव्या हिश्शाएवढा रोध ५ अँपिअर घेणाऱ्या दिव्याचे फक्त ०.०५ व्होल्ट खातो, पण २०० अँपिअर घेणाऱ्या सेल्फचे पूर्ण २ व्होल्ट खातो. दिवा लखलखीत पेटतो, आणि कसूरदार निर्दोष सुटतो.

याच्या उलट प्रकार एका जुन्या पेट्रोल मोटारीत दिसला. थंडपणी १२० अँपिअर घेणारा तिचा सेल्फ तापल्यावर २६० घेई आणि बॅटरीचा दाब ८.६ व्होल्टवर ओढून आणी; केबलांत व अर्थमध्ये घट नगण्य. सेल्फ खोलून आर्मेचर उजेडात फिरवून पाहिले, तर त्याच्या पोलादी पत्र्यांवर एका बाजूस आरशासारखा चकचकीत पट्टा उमटलेला होता. ज्या ब्राँझच्या बुशांवर आर्मेचर तोलले जाते ते झिजून लंबगोल झाले होते, आणि मिलिमीटरच्या अंशांत मोजावे एवढे आर्मेचर व पोल यांच्यामधले अंतर उष्णतेने फुगलेले धातू भरून काढीत होते. नवे बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून बसवले, कम्युटेटर लेथवर साफ करून त्याच्या खाचांतील मायका खाली घेतला, आणि आर्मेचर गुंडाळी तपासण्याच्या ग्राउलर या उपकरणावर चढवले. आर्मेचरवर धरलेले करवतीचे पाते एखाद्या खाचेवर थरथरले तर तेथले वेढे आत भिडले आहेत असे समजावे; पण ही परीक्षाही आर्मेचर गरम करून पुन्हा घ्यावी लागते, कारण वेढ्यांवरचे जुने वार्निश थंडपणी तग धरते आणि तापले की दगा देते.

नुसताच ‘टक’ आवाज येत असेल तर सोलेनॉइडकडे वळावे. त्याची ओढणारी कॉइल तापून दुबळी होते, आणि किल्लीपासून येणाऱ्या लांब, बारीक वायरीत आणखी दाब गळतो. अशा वेळी बॅटरीजवळ एक रिले बसवून सोलेनॉइडला सरळ वीज दिली की पुष्कळदा काम भागते. मॅनिफोल्ड आणि सेल्फ यांच्यामध्ये उष्णता अडवणारा पत्रा जागेवर आहे की नाही, हेही पाहावे; सायलेन्सरच्या दुरुस्तीत काढलेला हा पत्रा कित्येकदा परत बसवलाच जात नाही. ज्या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर आहे, त्यांत कॉइलची मुख्य वायर काढून तापलेले इंजिन फिरवावे. ठिणगीविना ते मोकळे फिरले, तर सेल्फ निर्दोष असून टायमिंग फार पुढे गेले आहे आणि पेटलेला सिलिंडर पिस्टनला उलट ढकलतो आहे, असे समजावे. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन धरत नसेल, तर तो प्रश्न तापलेल्या पेट्रोलच्या वाफेचा किंवा ठिणगीचा आहे. सेल्फ खोलण्याचे तेथे काहीच कारण नाही.

गाडीच्या मालकांनी दोन गोष्टी पाळाव्यात. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये निदान मिनिटभर थांबावे. आणि कारागिराकडे जाताना ‘सेल्फ लागत नाही’ एवढेच न सांगता, किती अंतर धावल्यावर, किती वेळ थांबल्यावर आणि कोणता आवाज येऊन तो अडला, हे तपशीलवार सांगावे. कारागिरांनी बिलावर बदललेल्या वस्तूंबरोबर थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांतील प्रवाहाचे व दाबाचे आकडे लिहून द्यावेत. मोजणीला थोडाच वेळ लागतो, घाटातली फेरी आणि थांबणे धरले तरी अर्धा दिवस पुरतो. आणि त्या अर्ध्या दिवसाने जीपवाल्याची एक बॅटरी आणि एक सेल्फ, म्हणजे त्याची काही महिन्यांची कमाई, वाचली असती. आमच्या व्यवसायाची प्रतिष्ठा वाढायची असेल, तर ती सुटे भाग बदलण्याच्या चपळाईने वाढणार नाही. कोणता भाग बदलण्याची गरज नाही हे आकड्यांनिशी सांगण्याची जबाबदारी आपण पत्करू, तेव्हाच ती वाढेल.