एका चकतीची गोष्ट

मे महिन्यात एसीशिवाय अमरावती-अकोला म्हणजे भट्टीतून प्रवास. त्यात मागच्या सीटवर आई. एसी सकाळी नीट चालायचा, इंजिन तापलं की नुसता गरम वारा. वर्कशॉपचं निदान : "कंप्रेसर बदला." म्हणजे माझा अर्धा पगार!

अकोल्यातल्या मिस्त्रीने मात्र शांतपणे विचारलं, "काहून बदलता भाऊ?"

मामला साधा आहे. एसी लावला की कॉइलला १२ व्होल्ट मिळतात, ती चुंबक बनते आणि क्लचची प्लेट फिरत्या पुलीला चिकटते. मधली फट जेमतेम अर्धा मिलीमीटर. प्लेट झिजली की फट वाढते. त्यात कॉइल तापली की रोध वाढतो, करंट घटतो आणि चुंबक कमजोर पडतं. आमच्याकडे व्होल्ट येत होते, प्लेट हलत नव्हती.

मिस्त्रीने प्लेट उघडून शाफ्टवरची एक पातळ चकती, म्हणजे शिम, काढली आणि फीलर गेजने फट मोजली. गॅसला हातही लावला नाही. मजुरी ४०० रुपये.

कॉइल जळाली असेल किंवा बेअरिंग वाजत असेल तर हा उपाय नाही, बरं का. पण कोणी 'बदला' म्हटलं की आधी विचारा, नेमकं काय बिघडलंय? एका बगसाठी आपण तरी अख्खं सॉफ्टवेअर कुठे नव्याने लिहितो?