काट्यांची बागड

बाभळीची काटी पायाने सारता येत नाही. सारायला गेलं की ती बुटाच्या तळव्यात घुसते आणि ढीग जागच्या जागी राहतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, सकाळी पावणेसातच्या सुमाराला, मी अशा एका ढिगासमोर उभी होते. कमरेएवढा उंच, या बांधापासून त्या बांधापर्यंत. आठच दिवसांपूर्वी तिथून गाडीवाट जात होती आणि मी तिच्यावरून धावले होते. आमच्याकडे अशा कुंपणाला बागड म्हणतात. ती कोणी घातली आणि का, हे कळायला मला दीड महिना लागला. कळल्यावर जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

मी इंदूरची, राजेंद्रनगरात राहते. बँकेतली नोकरी, मुलगी लग्न होऊन इंग्लंडला, पंचेचाळिशीनंतर पळायला लागले. आधी कॉलनीच्या बागेत फेऱ्या, मग राळामंडलची टेकडी. माथ्यावर होळकरांचं शिकारघर आहे, चढ चांगला आहे, पण 1989 पासून ते अभयारण्य. तिकीट काढा, फाटक उघडायची वाट बघा. मला उजाडायच्या आत पाय मोकळे करायचे असत. म्हणून स्कूटर घेऊन पुढे कंपेलच्या बाजूला जायला लागले. गावाचं नाव मी लिहिणार नाही. एकदा सांगितलं होतं, त्याचीच ही सगळी गोष्ट आहे.

वाट अकरा किलोमीटरची. मंदिराच्या ओटल्यापाशी स्कूटर लावायची. पहिले दोन किलोमीटर शेतांमधली गाडीवाट, दोन्हीकडे गहू आणि लसूण. थंडीत लसणाच्या पातीवर दव असतं. बांधाच्या कडेने पळालं की पोटऱ्या भिजतात आणि घरी येईपर्यंत मोज्यांना लसणाचा वास येत राहतो. मग बरडी, म्हणजे मुरमाड टेकाड. त्यावर पळस, खजुरी, थोडे साग. फेब्रुवारीअखेर पळस फुलला की सकाळच्या तिरप्या उन्हात ती टेकडी बघत उभं राहावं लागतं, घड्याळातली वेळ गेली तरी चालते. टेकडी उतरलं की शिप्रा. इथे ती ओढ्याएवढीच आहे. कंपेलजवळच्या उज्जैनी गावापाशी तिचा उगम मानतात. पावसाळा सरला की आटायची. 2014 साली ओंकारेश्वरकडून नर्मदेचं पाणी पंपांनी पठारावर चढवून त्याच उज्जैनीला तिच्यात सोडलं. आता वाहतं पाणी दिसणार की नुसती डबकी, ते पंपांवर. तिच्या काठाने तीन किलोमीटर आणि मग वळून परत. पावसाळ्यात मात्र जाऊ नये. माळव्याची काळी माती बुटाला चिकटते आणि दहा पावलांत एकेक पाय दोन किलोंचा होतो.

नदीच्या उतारावर एक काकी रोज भेटायच्या, डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. रोज एकच प्रश्न: ‘‘कां जई रिया हो?’’ कुठे निघालात. मी म्हणायची, कुठेच नाही काकी, पळतेय. त्या मान हलवून पुढे जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. चार वर्षं हे चाललं.

आणि मग काटे.

माझी खात्रीच होती की हे कोणा कॉलनी पाडणाऱ्याचं काम. महिनाभर आधी रस्त्यावर फलक लागला होता: नदीकिनारी फार्महाऊसचे प्लॉट, निसर्गाच्या कुशीत, सोबत जॉगिंग ट्रॅक. जॉगिंग ट्रॅक! माझ्या डोक्यात तिडीक गेली. इंदूर एके काळी कंपेल परगण्यातलं गाव होतं. 1720च्या सुमाराला परगण्याचं ठाणं कंपेलहून इंदूरला आलं. आता इंदूर उलटं कंपेलकडे निघालंय, वाटेत प्लॉट पाडत. मी ठरवलं, ही वाट सोडायची नाही.

एका सरकारी कार्यालयात गेले. कोणतं ते असो. पहिल्या दिवशी तीन तास बाकावर बसवलं आणि साहेब दौऱ्यावर आहेत असं सांगितलं. दुसऱ्या खेपेला नकाशा दिसला. खसऱ्यांचे, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांचे, आकडे होते, नदी होती, बरडी होती. माझी वाट नव्हती. तिथे बांधाची एक रेघ होती, बाकी काही नाही. मी म्हटलं, अहो, चार वर्षं मी तिथून पळतेय, बैलगाड्यांची चाकोरी आहे तिथे, ढोपरभर खोल! समोरच्या तरुणाने शांतपणे विचारलं, ‘‘मॅडम, तुमची जमीन कोणती?’’ माझी कोणतीच नव्हती.

त्या आठवड्यात मी कायदा वाचून काढला. आमच्या मध्य प्रदेशाच्या 1959च्या भू-राजस्व संहितेत कलम 131 आहे. शेतकऱ्याने आपल्या शेताकडे किंवा गावच्या पडीक, चराईच्या जमिनीकडे कुठून जायचं, असा वाद झाला तर तहसीलदार पूर्वापार रिवाज पाहून निकाल देतो. गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्येही, म्हणजे रिवाजांच्या दप्तरातही, वहिवाटीचे असे रिवाज नोंदवायचे असतात. महाराष्ट्रातल्या मावसभावाला फोन केला, तर तो म्हणाला, आमच्याकडे पाणंद अडवली की मामलेदार कोर्टात जातात, 1906चा कायदा आहे. सगळीकडे शेतकरी आणि गावकरी. पळणारी बाई कुठेच नाही.

मुलीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हाचं आठवलं. तिथे शेतांच्या फाटकांवर लहान पिवळे बाण लावलेले असतात. शेत कोणाचंही असो, त्या पाऊलवाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांना. 1949च्या कायद्याने त्यांनी गावोगावच्या पाऊलवाटा नकाशावर नोंदवायला लावल्या. मी तिथे मेंढरांमधून पळाले आणि मला कोणी हटकलं नाही. हे आठवलं की अजून पोटात तुटतं. आपल्याकडे वाटा कमी आहेत का? प्रत्येक गावाला दहा आहेत. पण त्या लोकांच्या पायांत आहेत, कागदावर नाहीत, आणि पाय थांबले की वाट संपली.

तरीही वाट मोकळी करून मागणारा अर्ज मी लिहून तयार ठेवला होता. गावातल्या दोन-चार जणांच्या सह्या हव्यात म्हणून, वाट ज्या शेतातून जात होती त्याच्या मालकाकडे गेले. सत्तरीचे, गावात सगळे त्यांना बासाब म्हणतात. चहा आला. मी तावातावाने बोलत होते: प्लॉटवाले, वाट, काटे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘बेनजी, काटे मी टाकले.’’

माझ्याकडे बोलायला काही राहिलं नाही. ते उठले, आत गेले आणि खताची एक रिकामी थैली आणून माझ्या पायांपाशी ओतली. पाण्याच्या चपट्या बाटल्या. धावताना खायच्या जेलची चुरगळलेली पाकिटं, कडेला अजून चिकट. एक पायमोजा. हे सगळं त्यांनी लसणातून वेचलं होतं.

नोव्हेंबरात मी आमच्या रविवारच्या ग्रुपला ती वाट दिली होती. घड्याळाने काढलेली रेघ मोबाइलवर टाकली, गावाच्या नावासकट. मी त्या दिवशी पुण्याला होते. चाळीस जण आले. वाट अरुंद होती तिथे वाफ्यांतून पळाले. एकाने वर ड्रोन उडवला आणि म्हशी दावं तोडून पळाल्या. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर घेणारं आमचं शहर. घरात ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करणारी ही माणसं. इंदूरची हद्द संपली की त्यांचे हात मोकळे होतात. मला याचा अतोनात राग आहे, आणि त्या रागात मी स्वतःला वेगळं काढत नाही. पाठोपाठ गाड्या घेऊन माणसं आली, बिघ्याचा भाव विचारायला. बासाब म्हणाले, ‘‘आधी मोबाइल घेऊन पळणारे आले, मग मोजणारे. आम्हाला दोन्ही सारखेच.’’

अर्ज मी फाडला. पळणाऱ्यांना एक सांगते. नवी वाट मिळाली तर ती नकाशावर टाकू नका. आधी चार वेळा त्या शेताच्या मालकाशी बोला. एका वेळी दहा जणांच्या वर जाऊ नका. सोबत आणलेलं सोबत परत न्या.

हे लिहिलं खरं, पण अर्धाच भाग झाला. बासाबांचं नुकसान झालं हे शंभर टक्के कबूल. पण त्या काट्यांनी फक्त आम्ही अडलो का? काकींची नदीची वाटही तीच होती. त्या आता बरडीला वळसा घालून जातात, डोक्यावर भारा घेऊन, किलोमीटरभर जास्त. मी हे बासाबांना म्हटलं. ते म्हणाले, तिला मी सांगितलंय, ती समजून आहे. काकींना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. कलम 131 त्यांच्यासाठीच तर होतं. त्यांच्या नावाने अर्ज करू का असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी इतक्या जोरात नाही म्हटलं की मी पुन्हा विषय काढला नाही. शेत बासाबांचं, आणि मजुरीही बासाबांकडेच. हे मला फार उशिरा लक्षात आलं. मग वाटतं, फाडलेला अर्ज मी जपून ठेवायला हवा होता.

बाटल्यांची ती थैली मी घरी आणली आणि रविवारी ग्रुपसमोर रिकामी केली. तिघांनी माफी मागितली. एक जण म्हणाला, एवढं काय त्यात, आपण मोबदला देऊ. त्या दिवसापासून मी ग्रुपबरोबर पळत नाही.

आता मी पलीकडच्या काठाने जाते. पुलावरून, सात किलोमीटर, बरीचशी डांबरी. तिथे पळस नाही. गेल्या गुरुवारी पंप चालू असावेत, पाणी चांगलं वाहत होतं. समोरच्या उतारावर काकी दिसल्या, भारा खाली टेकवून दम खात होत्या. त्यांनी विळा वर केला आणि ओरडून विचारलं, ‘‘कां जई रिया हो?’’

मी थांबले. कुठेच नाही काकी, असं ओरडले. पाणी ओलांडून ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, कोण जाणे. त्यांनी भारा उचलला आणि बरडीच्या बाजूला वळल्या.