कागदावर नसलेले व्याज

आमचे फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले, कपाशीच्या मुलखातले गाव. इथल्या कोरडवाहू कास्तकाराचे वर्ष मृगात सुरू होते आणि बहुधा उसनवारीने सुरू होते. आमचे अब्बा पाच वक्ताचे नमाजी. सोसायटीचे पीककर्ज व्याजाचे, म्हणजे सूद, म्हणजे हराम. त्याला त्यांनी उभ्या आयुष्यात हात लावला नाही. पण बी-बियाण्याला पैसा लागायचाच. तो ते एका सावकाराकडून आणत. त्या व्यवहारात व्याज हा शब्द नसे. दिवाळीनंतरचा कापूस आधीच ठरलेल्या भावाने त्याच्या घरी घालायचा, एवढीच बोली. भाव बाजाराच्या खाली आणि काटाही त्याचाच. आम्ही भावंडे जरा शिकलो तेव्हा वहीत हिशेब मांडला. सोसायटीच्या व्याजाच्या कितीतरी पट रक्कम जात होती. आम्ही विचारले, "अब्बा, ये सूद नहीं तो क्या है?" ते म्हणाले, "कागज पे तो नहीं है, बेटा."

त्या एका वाक्याने आम्हाला पुढे बरेच वाचायला लावले. वाचता वाचता ध्यानात आले, की हा गुंता एकट्या मुसलमानांचा नाही. कॅथलिक धर्मसभेनेही शतकानुशतके व्याज पाप मानले. ११७९ च्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोराला ख्रिस्ती दफनसुद्धा नाकारले. तरी व्याज थांबले नाही, नाव बदलून येत राहिले. पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्रान्सिस्कन साधूंनी गोरगरिबांसाठी गहाणवटीच्या पेढ्या काढल्या. वस्तू ठेवायची, पैसा न्यायचा आणि पेढीच्या खर्चापुरती थोडी रक्कम द्यायची. काही धर्मपंडित खवळले, हेही व्याजच म्हणाले. अखेर १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने या पेढ्या वैध ठरवल्या.

१७४५ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी निवाडा दिला, की निव्वळ कर्ज दिले म्हणून नफा घेणे गैरच. पण देणाऱ्याचे खरे नुकसान होत असेल तर भरपाईचा विचार वेगळा. १८९१ मध्ये तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढून कामगाराच्या रास्त वेतनाचा प्रश्न मांडला. जुनी व्याजखोरी नव्या वेषात चालूच आहे, हेही त्यात बजावले. १९१७ च्या धर्मसंहितेने कायदेशीर दराचे व्याज मान्य केले. नियम हलला, नडलेल्याला नाडू नये, हे मूळ म्हणणे हलले नाही. २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी लिओ हेच नाव घेतले आणि त्यामागे त्या तेराव्या लिओंची आठवण असल्याचे सांगितले. परंपरा जपणे आणि नवे पाऊल टाकणे ही दोन वेगळी कामे नव्हेत, असे त्यावरून आम्हाला वाटते.

हे सारे रोमातच घडले असे नाही. आपल्या वसईत १९१८ साली कॅथलिक शेतकऱ्यांची सहकारी पतपेढी निघाली. पुढाकार एका धर्मगुरूंचा, मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांचा. सावकाराच्या वहीतून माणसे सोडवायची तर प्रवचन पुरत नाही, तिजोरी लागते, हे त्यांनी ओळखले. तीच पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक झाली.

आमच्याकडे असा विचार झालाच नाही, असे कसे म्हणावे? देवबंदला १९६१ साली मुस्लिम फंड निघाला. दागिना ठेवा, बिनव्याजी पैसा न्या. फंडाचा खर्च अर्जाच्या किमतीतून भागतो. त्या फ्रान्सिस्कन पेढ्यांशी हे किती जुळते! १९८९ मध्ये इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी सरकारी बचतपत्रांवरचा परतावा जायज ठरवला. अनेक उलेमांना तो फतवा पटला नाही. मतभेद राहोत. इज्तिहादचे दार ठोठावले गेले, हे आम्हाला मोलाचे वाटते.

आमचा प्रश्न मात्र अजून शेताच्या बांधावरच उभा आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले. यवतमाळ त्यात होते आणि थकीत व्याजाची माफीही त्यात होती. २०१४ मध्ये राज्यात सावकारी नियमनाचा नवा कायदा आला. पण जो बँकेच्या खात्यावर नाही त्याचे व्याज माफ कसे होणार? ज्या बोलीत व्याज हा शब्दच नाही, ती कायद्याने पकडायची कशी? हरामच्या भीतीने बँकेपासून दूर राहिलेला माणूस या दोन्ही दारांच्या बाहेर राहिला.

कुराणने व्याजाला मनाई केली तिथेच, अडचणीतल्या कर्जदाराला हात मोकळा होईतो मुदत द्या आणि माफ केलेत तर अधिक चांगले, असेही सांगितले आहे. आमच्या मोहल्ल्यात मनाईचा भाग सर्वांना तोंडपाठ, मुदतीचा भाग क्वचितच कुणी काढतो. रमजानमध्ये जकात निघते, सदका निघतो, ती रक्कम वाटून संपते आणि दोन-चार मूठ धान्यापलीकडे टिकत नाही. जकात ज्यांच्या हक्काची, त्यांना ती पोचलीच पाहिजे. पण ऐपतीच्या घरांनी वेगळी ठेव काढून, मृगाच्या आधी बियाण्यापुरती बिनव्याजी रक्कम द्यायची आणि कापूस विकल्यावर परत घ्यायची, याला कोणता मजहब आडवा येतो? पीक बुडाले तर मुदत वाढवायची. हिशेब मशिदीच्या फळ्यावर लावायचा. गावातला बौद्ध, बंजारा, मराठा कास्तकारही त्यात आला तर अडचण कसली? पाऊस त्याच्या आणि आमच्या शेतावर एकाच वेळी दगा देतो.

आमच्या मुलांनीही उद्या वही काढून हिशेब मांडला, तर कागदावर काय नाही हे सांगण्यापेक्षा कागदावर काय आहे ते आम्हाला दाखवता आले पाहिजे.