मामाची होडी

माझा मामा उरणजवळ करंजाला राहतो. त्याची मासे धरायची होडी आहे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा जोरात सुटतो आणि दर्या खवळतो. तेव्हा माशांना अंडीपण असतात. म्हणून सरकार १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी करते. होडी वर ओढून झाकून ठेवतात. कमाई बंद! मग मामा आमच्याकडे जांभूळला भाताच्या लावणीला येतो. पावसाने आमचे काम सुरू होते आणि मामाचे बंद. गंमतच आहे.

मी विचारलं, "मामा, जवळच जाऊन आलं तर?" मामा हसला नाही. त्याने रामदास बोटीची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९४७ रोजी ती मुंबईहून भर पावसात रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून जास्त माणसे गेली. पूर्वीची शिडाची गलबतेसुद्धा पावसाळा संपला, ईशान्येचा वारा लागला, की मगच अरबस्तानात जात.

बंदी उठली तरी मामा नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी काढतो. पहिल्या खेपेची होडी परत येईपर्यंत आजी दारातच बसते. मामी म्हणते, जेवून घ्या. ती ऐकतच नाही.