फाल्गुनातली पणजी

फाल्गुन लागला की आम्हां बेळगावकरांचे पाय चोर्ला घाटाकडे वळू लागतात. निमित्त शिगमोत्सवाचे, खरी ओढ मळ्यातील मावशींच्या घराची. दोन किलो कुंदा बांधून घ्यावयाचा आणि उन्हे तापण्यापूर्वी घाट उतरावयाचा, हा आमचा शिरस्ता. पणजीला समुद्रास मिळणारी मांडवी आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावते व वरच्या अंगाला म्हादई म्हणवते, हे मुलांना दर खेपेस सांगून होते. तिच्या पाण्याचा तंटा जुना आहे. २०१० साली लवाद बसला, २०१८ साली निवाडा आला, तरी प्रकरण मिटलेले नाही. मावशींच्या ओसरीवर मात्र तो विषय आम्ही काढीत नाही. काका तावातावाने बोलू लागतात आणि पानावरचा भात निवतो.

जुने गोवे मागे टाकून रायबंदरहून शहरात शिरावे ते त्या लांबलचक दगडी बांधावरून. लिन्यारिशच्या काउंटाच्या अमदानीत, १६३३-३४ साली, खाजणातून हा सुमारे तीन किलोमीटरांचा रस्ता घातला गेला. मांडवीवरचा पहिला आधुनिक पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. हा जुना बांध अजून वाहने पेलतो आहे. दोन्ही अंगांस खारफुटीची हिरवी रांग आणि चिखलात एका पायावर उभे असलेले बगळे. येथे गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

मावशींकडे त्या दिवसांत ओल्या काजूबियांची उसळ ठरलेली. शिवाय मीठ लावलेली काजूची बोंडे, ज्यांचा डाग मुलांच्या सदऱ्यांवरून अद्याप गेलेला नाही, आणि माठातला गार नीरो. काकांसाठी याच बोंडांचे दुसरे एक पेय येते. कौटुंबिक मासिकात त्याची वाच्यता न केलेली बरी. संध्याकाळी गावात जाऊन पातळ भाजी-पाव, वर एक मिरची, शेवटी गोडसर बन. बेळगावी पोटालाही हे मानवते.

मिरवणूक पाहावी ती रस्त्याच्या कडेला उभे राहून. विजेच्या दिव्यांचे चित्ररथ मुलांना आवडतात. आमचे मन रमते रोमटामेळात. उंच झेंडे, ढोल, ताशे, कासाळे आणि ‘ओस्सय, ओस्सय’चा गजर! मागून कमरेला लाकडी घोडे बांधलेले, तलवारी परजणारे घोडेमोडणीचे वीर. खेड्यात हे खेळ मांडावर, देवाच्या साक्षीने होतात. शहरात परीक्षकांच्या साक्षीने होतात, इतकाच फरक म्हणावा, तर ध्वनिक्षेपकांचा गोंगाट आड येतो.

गेल्या फाल्गुनात दुसऱ्या दिवशी मावशींच्या नातीने आम्हां सर्वांना पहाटेच उठविले. मळा व फोंतेन्यश यांच्या कडेने औरेमची खाडी जाते. ओहोटीच्या वेळी तिच्यातील कचरा काढण्यास वस्तीतील दहा-पंधरा मंडळी जमणार होती. पाहुण्यांना कामास जुंपणे आम्हांस जरा विचित्रच वाटले. पण मुले निघाली, तेव्हा आम्हांसही निघावे लागले.

तिवराची मुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात. त्या चिखलात हवा नाही म्हणून झाड या मुळांवाटे श्वास घेते, असे नातीने समजाविले. त्यांवर प्लॅस्टिक गुंडाळले गेले की झाड गुदमरते. झाड गेले की काठ खचतो, आणि मुळांच्या आडोशाला वाढणारी कोळंबीची पिलेही जातात. गुडघाभर चिखलात उभे राहून हे ऐकताना प्रत्येक पिशवी निराळी दिसू लागली. दोन तासांत अकरा पोती भरली. खाडी फारशी बदललेली दिसेना.

तेवढ्यात आमच्या धाकट्याने मुळांतून एक पिशवी ओढून काढली. अक्षरे पुसट होती, तरी वाचता आली. आमच्याच पेठेतल्या मिठाईवाल्याची, कुंद्याची!

“बाबा, ही आपली का हो?”

वरून म्हादईने आणली असेल, कुणा अन्य पाहुण्याने टाकली असेल. आदल्या वर्षी आम्ही मिरवणुकीला जाताना कुंदा वाटीत गेलो होतो, हेही आठवले. आम्ही काही बोललो नाही. पिशवी पोत्यात टाकली.

घरी आल्यावर मुलाने हे सारे मावशींना सांगितलेच. त्या हसल्या. “पुढल्या खेपेस डब्यातून आणा म्हणजे झालं,” एवढेच म्हणाल्या व आमच्यासाठी पाणी तापवायला गेल्या.

यंदा कुंदा आजीच्या पितळी डब्यातून गेला. मिठाईवाल्याने डब्याकडे दोनदा पाहिले, आमच्याकडे एकदा. खाडीवरही जाऊन आलो; या वेळी पोती नऊ भरली. डबा मात्र मावशींकडेच राहिला. तो आणावयास पावसाळ्यापूर्वी आणखी एक खेप करावी लागेल, असे घरात सर्वांचे मत पडले आहे.