वहीतला तालुका

पुतण्या मुंबईहून आला तेव्हा त्याच्या हातात एक लांबडी वही होती, दुकानदाराची उधारीची असते तसली. मला वाटलं, भावकीतल्या वाटणीचं काहीतरी निघालंय. पण वहीत रकाने पाडलेले होते. पाणी, माती, वीज, दवाखाना, रस्ता, पूर, भूकंप. डाव्या बाजूला तालुक्यांची नावं : पाटण, कराड, वाळवा, मिरज, आटपाडी आणि आमचा माण. प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे.

"आप्पा, कोरोनात पोरांना घेऊन एका खोलीत कोंडून बसलो होतो. उद्या पुन्हा तसं झालं, वीज गेली, दुकानं बंद पडली, तर कुठं जायचं? ती जागा बघायला आलोय."

अमेरिकेत म्हणे अशी माणसं मुलूखभर हिंडून जागा बघतात. वर्षाचं धान्य भरून ठेवतात, विहीर पाडतात, कोंबड्या पाळतात. मी म्हटलं, "म्हंजे आपल्या आज्यागतच की!" त्याला हसू आलं नाही. पोरगं खरंच भ्यालं होतं. मग मीही चेष्टा सोडली आणि चार दिवस त्याच्या गाडीत बसून हिंडलो.

पाटणला डोंगरातनं ठिबकणारं पाणी बघून तो हरखला. पाण्याला दहा दिले. मग मी त्याला 11 डिसेंबर 1967 सांगितला. पहाटेचा भूकंप. मी सहा वर्षांचा होतो. आमच्या माणातसुद्धा फळीवरची भांडी वाजली आणि आईनं मला पांघरुणासकट अंगणात नेलं, एवढं आठवतं. कोयनानगरात तर घरंच्या घरं झोपली. त्यानं भूकंपाच्या रकान्यात एक लिहिला.

सांगलीला हरिपुरात मी त्याला हळदीच्या पेवांची जागा दाखवली. जमिनीत खोल खड्डे, आत हळद भरायची, वर माती घालून तोंड बंद करायचं. तिथली मातीच अशी, की हळदीला वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. साठवण म्हणावी तर हिच्यापुढं काय साठवण! पण 2005 च्या पुरात कृष्णा पेवांत शिरली आणि पेवं गेली. पोरगं बराच वेळ गप्प राहिलं.

आमचा माण मात्र त्याच्या वहीत वर वर चढत गेला. पुराचं भय नाही. जमीन स्वस्त. ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी फार लाड न करता येतं. मेंढरं आहेत, खिलार आहे. राहिलं पाणी. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि आमच्याकडं साडेचारशे-पाचशे पडला तर आम्ही पेढे वाटतो.

"पण आप्पा, आता उरमोडीचं येतंय. आटपाडीला टेंभूचं आलंय."

"टेंभूचं पाणी कराडजवळ कृष्णेतनं मोटरा लावून वर उचलत्यात बाबा. तुझ्या हिशेबानं वीज गेली की तेबी गेलं."

हे मी बोललो खरा, पण जिभेवर आलेलं सगळं बोललो नाही. कारण त्याची नजर माझ्या विहिरीकडच्या दोन एकरांवर होती, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझा पोरगा चाकणला कंपनीत. तो काही परत यायचा नाही. माझे गुडघे गेलेत, सोसायटीचं कर्ज आहे. आणि पैशापेक्षा खरं सांगायचं, तर तिथल्या पडक्या खोपीत रात्री कुणाचा तरी दिवा दिसावा असं मला वाटत होतं. असल्या माणसानं मार्क द्यायचे म्हणजे मामानं भाच्याचा पेपर तपासायचा.

शेवटच्या रात्री मात्र राहवलं नाही. त्याला 1972 सांगितला.

मी अकरा वर्षांचा. विहिरीच्या तळाला भेगा. बलुत्याला द्यायलाही घरात दाणा नाही. आई खडी फोडायला जायची, मी सुकडी खायला मागं. अमेरिकेचा तांबडा मिलो यायचा. त्याची भाकरी थापताना मोडायची. बैलजोडी तेवढी वडलांनी विकली नाही. आज्यानं कधी काळी खरसुंडीच्या जत्रेत वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याला खोंडं विकली होती. तेवढ्या ओळखीवर वडील बैलं घेऊन पायी त्यांच्या दारात गेले. त्यांनी बैलांना उसाचं वाडं घातलं, आम्हाला मळ्यात खोप दिली. पुढचा पाऊस पडेतोवर आम्ही तिथं जगलो. एक रुपया मागितला नाही. आई मात्र त्यांच्या घरी फुकट एक दिवस बसली नाही.

"म्हंजे दुष्काळात इथं कुणी राहत नव्हतंच," तो म्हणाला. वही उघडायला लागला.

"थांब, अजून हाय."

ऑगस्ट 2019. आमच्याकडं टँकर चालू, गाई छावणीत. आणि तिकडं कृष्णेला महापूर. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली त्याच आठवड्यात रात्री फोन आला. त्या शेतकऱ्याचा नातू बोलत होता. घरात छातीएवढं पाणी, म्हशी उंचावरच्या शाळेत बांधलेल्या, बायकापोरांना कुठं न्यावं? मी म्हटलं, विचारतोस काय, निघ. सात माणसं आली. पुरातनं आलेली माणसं आणि आमच्या दारात टँकरचं पाणी मोजून! त्यातली म्हातारी घागरीकडं बघून हसली आणि हसता हसता रडायला लागली. ती बारा दिवस राहिली. जाताना आमच्या मंडळीला म्हणाली, "पोरी, तुझ्या सासूनं आमच्यात चुलीला पोतेरं केलंय, ते फिटलं नव्हतं गं."

पुतण्यानं विचारलं, "मग आप्पा, हे कुठल्या रकान्यात लिहू?"

मला काय ठाऊक. मी एवढंच सांगितलं, की नुसत्या माणला मार्क द्यायचे असतील तर दहापैकी तीन, आणि नुसत्या वाळव्याला चार. दोन्ही मिळून आम्ही तीन पिढ्या काढल्यात. आणि तू येशील तर माझी दोन एकरं तुला, दुसऱ्या कुणाला नाही. पण आधी एक सुगी इथं राहा. शेजाऱ्याची ज्वारी काढायला जा. तुला रात्री विंचू चावला तर कुणाच्या दारावर थाप मारायची, ते तुझं तुला कळू दे.

त्यावर आमची मंडळी आतनं म्हणाली, "सूनबाईला इचारलंय का पण?"

त्यानं विचारलं नव्हतं!

दिवाळीला पोरांना घेऊन येतो म्हणून गेला. त्या दिवाळीला आला नाही, संक्रांतीला आला. सूनबाई दोन दिवस राहिली, हुरडा खाल्ला, विहिरीत डोकावून गेली. काही बोलली नाही. दोन एकरांत यंदा मी हुलगाच टाकलाय. वही तो इथंच विसरलाय. आमची मंडळी मागच्या कोऱ्या पानांवर दुधाचा हिशेब लिहिते.