नऊ एकांचा वर्ग

गेल्या श्रावणातील एका सायंकाळी रत्नागिरीत पाऊस धो-धो कोसळत होता आणि वीज गेली होती. गणितात नापास झालेली आमची नात वही मिटून, 'हा विषय माझ्यासाठी नाहीच' असे जाहीर करून बसली होती. आमची सारी हयात हिशेबाच्या वह्यांत गेली. तरीही उपदेश करण्याचा मोह आम्ही आवरला. मेणबत्तीच्या उजेडात एकचा अंक ओळीने नऊ वेळा लिहिला आणि त्या संख्येला तिनेच गुणावयास सांगितले.

पोरीने कुरकुरत एकाखाली एक नऊ ओळी मांडल्या, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. मग बेरीज. उजवीकडच्या पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या घरात नऊ, आणि तेथून पुन्हा उतरण. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२१. कोणत्याही घरात बेरीज दहापर्यंत पोहोचत नाही, हातचा येत नाही, म्हणूनच हा डोलारा उभा राहतो. संख्या सतरा अंकी. 'लीलावती'तील स्थाननामे लावली, तर तिचा डावीकडचा पहिला एक 'मध्य' या स्थानी बसतो. परार्ध अवघे एक घर पुढे!

अशा संख्यांना 'डेमलो' हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी, आणि तेही एका रेल्वे स्थानकावरून. १९०५ साली डहाणूस जन्मलेले कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. विद्यार्थिदशेत, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते. हे रँग्लर आमच्याच जिल्ह्यातील मुर्डीचे, हे सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. कापरेकरांजवळ उच्च पदवी नव्हती. त्यांचे संशोधन म्हणजे आकड्यांचा खेळ, असे म्हणणारे पुष्कळ होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव जगभर गेले.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाणारी संख्या म्हणजे 'हर्षद', हेही त्यांचेच नामकरण. नातीने त्या सतरा अंकांची बेरीज केली: ८१. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. म्हणजे ही संख्या हर्षदही ठरली.

"आजोबा, दहा वेळा एक लिहिला तर?"

"तसेच येईल की," आम्ही बोलून गेलो.

तिने मांडून पाहिले. मधल्या घरात दहा आले. शून्य ठेवून हातचा एक डावीकडच्या नवात मिळवला, तेथेही दहा. पुन्हा हातचा, तो आठात गेला आणि आठाचा नऊ झाला. १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला होता.

"आजोबा, तुम्ही चुकलात!" ती ओरडली. वीज केव्हा आली ते आम्हां दोघांनाही कळले नाही. तिने नवे पान उलटले आणि अकरा एक मांडावयास घेतले.